पराभवनाम संवत्सरी

नव्या वर्षाच्या आरंभी संकल्पांची यादी न करता एकच शब्द निवडावा आणि वर्षभर त्या शब्दाला धरून राहावे, अशी एक प्रथा गेल्या वीसेक वर्षांत इंग्रजी जगातून पसरत आपल्याकडील सुशिक्षितांपर्यंत येऊन पोहोचली आहे. कोणी 'धैर्य' निवडतो, कोणी 'सावकाश', कोणी 'पुरेसे'. या प्रथेमागील युक्तिवाद सोपा आहे. संकल्प मोडतात, पहाटे उठण्याचा, रोज लिहिण्याचा, साखर सोडण्याचा निश्चय फेब्रुवारी उजाडेपर्यंत शिल्लक राहत नाही आणि मागे उरते ती केवळ अपराधाची भावना. शब्द मात्र मोडत नाही, कारण त्याने काही मागितलेलेच नसते. तो दिशा दाखवतो, हिशेब विचारत नाही.

या प्रथेची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. एका शब्दाच्या बळावर वर्ष निभावता येईल असे कोणाला वाटत असेल, तर साहित्याच्या अभ्यासकांनी त्याचे स्वागतच करायला हवे. शब्दावर एवढा विश्वास टाकणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत. परंतु वर्ष आणि शब्द यांची गाठ घालण्याचा उद्योग नवा नाही, आणि त्याच्या इतिहासात आजच्या शब्द निवडणाऱ्यांना उपयोगी पडेल असे बरेच काही आहे. तो इतिहास मराठी वाचकाच्या अगदी घरातून सुरू होतो.

आपल्याकडे वर्ष येते तेच मुळी एक शब्द घेऊन. मार्च २०२६ मधील गुढीपाडव्याला शके १९४८ सुरू होते, आणि पंचांगात त्याचे नाव आहे 'पराभव'. जगातील कोणताही शहाणा माणूस आपल्या वर्षासाठी हा शब्द निवडणार नाही. तरीही पाडव्याला पूजा सांगणारा प्रत्येक पुरोहित तो उच्चारणार, आणि त्यापुढील वर्षभर घडणाऱ्या प्रत्येक मुंजीच्या, लग्नाच्या, वास्तुशांतीच्या आरंभी तो उच्चारला जाणार. निवडलेल्या शब्दांच्या या काळात न निवडलेल्या शब्दाचे काय करायचे, हा प्रश्न आम्हाला विचारात घेण्याजोगा वाटतो.

संवत्सरांची नावे साठ. 'प्रभव' हे पहिले, 'क्षय' हे शेवटचे. त्यांचे मूळ गुरूच्या गतीत आहे. गुरू सुमारे बारा वर्षांत राशिचक्राची एक फेरी पुरी करतो. अशा पाच फेऱ्यांचे एक साठ संवत्सरांचे चक्र मानले गेले. मध्यम गतीने एक राशी ओलांडण्यास गुरूला सुमारे ३६१ दिवस लागतात, म्हणजे सौरवर्षापेक्षा चारेक दिवस कमी. त्यामुळे पंचाऐंशी वर्षांच्या आसपास एक संवत्सर गाळावा लागतो. नर्मदेच्या उत्तरेस ही गाळणी चालू राहिली. दक्षिणेत ती सुटली, गुरूशी असलेला संबंध संपला आणि नावे ओळीने एकामागून एक येऊ लागली. परिणाम असा की, एकाच वर्षाचे नाव नर्मदेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरेच. आपले 'पराभव' वर्ष उत्तरेत पराभवाचे नसते. ज्या कोणाला या नावात भविष्य दिसत असेल, त्याने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

साठ नावांचे तीन विसांत विभाजन केले जाते: पहिली वीस ब्रह्म्याची, मधली वीस विष्णूची, शेवटची वीस रुद्राची. 'पराभव' हे चाळिसावे, म्हणजे विष्णूच्या विसांतील अखेरचे. रुद्राच्या विसांत 'राक्षस', 'रौद्र', 'दुर्मति', 'रुधिरोद्गारी', 'क्रोधन' अशी नावे आहेत. पण त्यांच्यामध्येच 'सौम्य' आणि 'आनंद' हीदेखील आहेत. आणि 'साधारण' नावाचेही एक संवत्सर आहे. आम्हाला ते विशेष आवडते. ज्याने कोणी ही यादी रचली, त्याला ठाऊक होते की साठांतले एखादे वर्ष नुसतेच साधारण जाणार.

मराठी इतिहासाच्या साधनांत हे शब्द जागोजागी भेटतात. शकावल्या, बखरी, पोथ्यांच्या अखेरचे समाप्तिलेख यांत शकाच्या आकड्याशेजारी संवत्सराचे नाव लिहिण्याची रीत होती. तिच्यामागे धर्मभावना होती तशी व्यावहारिक सोयही होती. नक्कल करणाऱ्याच्या हातून आकडा सहज चुकतो. पाचाचा सहा होतो, दोनाचा तीन होतो. शेजारी शब्द असला की चूक उघडी पडते. शके १५९६ असेल तर संवत्सर 'आनंद'च असले पाहिजे. ते तसे नसेल, तर दोहोंपैकी एक चुकले आहे. शब्द असा आकड्याचा साक्षीदार होता.

पण या साक्षीची मर्यादाही ओळखली पाहिजे. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद वाचकांना ठाऊक आहेच. बखरींच्या परंपरेत शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख अशी नोंद येते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे, आणि परमानंदाच्या 'शिवभारता'चा आधारही तिलाच मिळतो. इंग्रजी कालगणनेने ही तिथी म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आता गंमत अशी की, दोन्ही नोंदींत आकडा आणि शब्द एकमेकांशी चोख जुळतात. १५४९ चे 'प्रभव'च, १५५१ चे 'शुक्ल'च. शब्द जुळला याचा अर्थ लेखनिकाचा हात चुकला नाही एवढाच. घटना खरी ठरली असा नव्हे. 'प्रभव' म्हणजे उगम, आणि चक्रातले तेच पहिले संवत्सर. युगप्रवर्तकाचा जन्म त्या वर्षी पडणे कथेला फार शोभून दिसते. इतिहासाला अशा शोभेची गरज नसते. तेथे दोन वर्षे पुढचे 'शुक्ल'च खरे ठरले.

नाव आणि घटना यांचे नाते पाहू गेल्यास एक विलक्षण चित्र दिसते. रायगडावरील राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, तो 'आनंद' संवत्सरात. याहून समर्पक नाव कोणी निवडूनही दिले नसते. पण राज्याभिषेकाला दोन आठवडेही झाले नव्हते तोच, १७ जून रोजी, पाचाडला जिजाबाईंचे निधन झाले. संवत्सर तेच, 'आनंद'. महाराजांचे स्वतःचे निधन एप्रिल १६८० मधले, संवत्सर 'रौद्र'. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. पंचांगाप्रमाणे ते साल होते 'विक्रम'. विक्रम त्या रणात झाला नाही असे कोण म्हणेल? पण पाडव्याला ते नाव ऐकणाऱ्यांच्या मनात जो विक्रम होता, तो हा नव्हे. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. संवत्सर होते 'बहुधान्य'.

आणखी अलीकडे यावे. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला ते संवत्सर 'सर्वजित्', म्हणजे सर्वांना जिंकणारा. त्याच एका संवत्सरात फाळणीचा रक्तपात झाला आणि ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळही आली. कोणी कोणाला जिंकले, हा प्रश्न त्या नावापुढे उभाच राहतो. उलट, २५ मार्च २०२० रोजी जे संवत्सर सुरू झाले त्याचे नाव 'शार्वरी', म्हणजे रात्र. त्या पाडव्याच्या दिवशीच देशभरातील टाळेबंदी सुरू झाली. पुढच्या संवत्सराचे नाव 'प्लव', म्हणजे तराफा, होडी. पण दुसऱ्या लाटेने हाहाकार माजवला तो त्याच होडीच्या वर्षात. शार्वरी जुळली म्हणून चकित होणाऱ्याने प्लवाकडेही पाहावे. साठ नावे हाताशी असली की काही जुळतात, काही उलटतात, आणि बरीचशी नुसती शेजारून निघून जातात.

तेव्हा संवत्सराचे नाव वर्षाला घडवत नाही, हे उघड आहे. मग ते उच्चारायचे कशासाठी? याचे उत्तर संकल्प या विधीच्या रचनेतच आहे, आणि ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

'संकल्प' हा शब्द आज आपण नववर्षाच्या निश्चयासाठी वापरतो. सरकारच्या अंदाजपत्रकालाही 'अर्थसंकल्प' म्हणतो. मूळ विधीत संकल्प म्हणजे कर्माच्या आरंभी हातात पाणी घेऊन केलेला उच्चार. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी स्थळ सांगायचे: कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर. मग काळ: शक, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव. आणि हे सारे सांगून झाल्यावर, अगदी शेवटी, मी अमुक कर्म करीन. म्हणजे जे आपल्या हातात नाही ते सगळे आधी, आणि जे आपल्या हातात आहे ते त्यानंतर. संवत्सर 'पराभव' असेल तर तेही मोकळेपणाने म्हणायचे आणि त्याच दमात पुढे आपला निश्चयही सांगायचा. एकाने दुसरे रद्द होत नाही. कर्मकांडावर आमची श्रद्धा असो वा नसो, या वाक्यरचनेतील शहाणपण नाकारता येत नाही.

मराठीने या विधीवर एक मार्मिक टिप्पणीही करून ठेवली आहे. आपण संकल्प 'सोडतो'. हातावरचे पाणी ताम्हनात सोडायचे असते, त्यावरून हा प्रयोग आला. पण पाणी सोडणे म्हणजे आशा टाकणे, हक्क टाकणे, असाही अर्थ भाषेत आहेच. संकल्प करणे आणि संकल्प टाकणे यांच्यात मराठीने एका क्रियापदाचेही अंतर ठेवलेले नाही. नववर्षाच्या निश्चयांचे पुढे काय होते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक असावे.

याउलट 'शब्द' मात्र मराठीत मुळीच हलका नाही. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्दाला जागतो, शब्द खाली पडू देत नाही. कोणासाठी कोणाकडे शब्द टाकतो. आणि जो शब्द फिरवतो त्याला आपल्या समाजात उभे राहायला जागा नसते. शब्द हे येथे देणे आहे, ऋण आहे. संकल्पाचे ओझे नको म्हणून शब्द घ्यावा, हा विचार इंग्रजीत जुळून येत असेल. मराठीत तो उलटा पडतो. संकल्प माणूस स्वतःशी करतो, पण शब्द दुसऱ्याला दिलेला असतो, आणि तो दुसरा कोणीतरी तो परत मागू शकतो. 'मोडत नाही तो शब्द' ही नव्या प्रथेची बढाई मराठी कानाला खटकते ती यामुळे. मोडू शकत नाही असा शब्द आपल्याकडे शब्दच नव्हे.

एकेका शब्दाला धरून स्वतःला घडवण्याचा प्रयत्न इतिहासात ज्यांनी खरोखर केला, त्यांत दोन माणसांची तुलना उद्बोधक आहे. पहिला बेंजामिन फ्रँक्लिन. अठराव्या शतकात, ऐन तरुणपणी, त्याने नैतिक पूर्णत्व गाठण्याचा बेत आखला, आणि पुढे आत्मचरित्रात त्याचा मिस्किल वृत्तांतही दिला. त्याने तेरा गुणांची यादी केली: मिताहार, मौन, सुव्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग असे एकेका शब्दाचे गुण. एका आठवड्याला एकच शब्द. तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षाला बरोबर चार फेऱ्या. त्यासाठी त्याने एक छोटी वही केली. आडव्या ओळींत गुण, उभ्या रकान्यांत वार, आणि चूक झाली की त्या चौकटीत काळा ठिपका. शब्द त्याने निवडले, पण त्यांना दात दिले. वहीतील ठिपके बघून आपण समजत होतो त्यापेक्षा दोष कितीतरी अधिक आहेत हे पाहून तो चकित झाला, आणि 'सुव्यवस्था' तर त्याला कधीच साधली नाही.

दुसरे गांधी. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहानंतर ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते, आणि त्या तुरुंगाला ते 'येरवडा मंदिर' म्हणत. तेथून दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर ते आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर एक छोटे पत्र लिहीत. जुलै १९३० मध्ये पहिले पत्र 'सत्य' या शब्दावर. मग अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह, अभय. मूळ गुजराती पत्रांचे पुस्तक झाले ते 'मंगल प्रभात'. 'स्वदेशी'वर त्यांनी तुरुंगातून लिहिले नाही. तो विषय राजकारणाला स्पर्श करील आणि कैद्याने पाळायची मर्यादा ओलांडली जाईल म्हणून. शब्द पाळण्याविषयी लिहिणारा माणूस तुरुंगाच्या नियमाला दिलेला शब्दही पाळत होता. ही ओळ आम्हाला पत्रांइतकीच बोलकी वाटते. योगायोग असा की, ते संवत्सर होते 'प्रमोद', म्हणजे आनंद.

या दोघांची खरी भेट होते ती एका शब्दावर: नम्रता. फ्रँक्लिनच्या मूळ यादीत बारा गुण होते. एका क्वेकर मित्राने त्याला सांगितले की लोक तुला गर्विष्ठ समजतात. तेव्हा त्याने नम्रता हा तेरावा शब्द जोडला. पुढे तो प्रांजळपणे लिहितो की नम्रतेचे बाह्य रूप बरेचसे साधले, आतले साधले नाही. आणि गर्व पुरता जिंकलाच, तर त्या नम्रतेचाच गर्व व्हायचा. गांधींनीही येरवड्याहून नम्रतेवर एक पत्र लिहिले, पण ते नम्रतेला व्रत का करता येत नाही हे सांगण्यासाठी. नम्रता ठरवून आचरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. तिचा सराव करू जावे तर दंभ हाती लागतो. ती अहिंसेची कसोटी आहे. अहिंसा मुरली की ती आपोआप येते. एकाने अनुभवाने जे ओळखले, ते दुसऱ्याने आरंभीच यादीबाहेर ठेवले.

येथे शब्द निवडण्याविषयीचा एक मोलाचा भेद हाती येतो. काही शब्द निवडता येतात, काही निवडताक्षणी मरतात. 'अस्तेय' निवडता येतो, कारण दुसऱ्याचे घेतले की नाही हे रात्री निजण्यापूर्वी सांगता येते. 'नम्रता', 'सहजता', 'शांती' हे शब्द दुसऱ्या कशाची तरी फळे असतात. आणि नव्या प्रथेत लोक जे शब्द सर्वांत हौसेने निवडताना दिसतात, ते बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असतात. ते कधीच मोडत नाहीत, कारण ते कधी धरलेलेच नसतात. याच पत्रमालेत व्रताच्या आवश्यकतेविषयी लिहिताना गांधींनी 'होईल तितके करीन' या भाषेवर कठोर टीका केली आहे. असे म्हणणारा माणूस पहिल्याच मोहाला वाट करून देतो, असे त्यांना वाटे. 'होईल तितके' हे वर्षाच्या शब्दाचे अदृश्य आडनाव आहे.

मग शब्दाचा शोध व्यर्थच म्हणायचा का? नाही. गांधींच्याच आयुष्यात शब्द शोधण्याची एक मोठी घटना आहे, आणि तिचा क्रम पाहण्याजोगा आहे. ट्रान्सवालमधील आशियायी लोकांच्या नोंदणीच्या अपमानकारक कायद्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली आणि कायदा न मानण्याची शपथ सर्वांनी उभे राहून घेतली. त्या वेळी या लढ्याला नाव नव्हते. इंग्रजी नाव वापरले जाई ते गांधींना पटत नव्हते. त्यात दुबळ्याच्या शस्त्राचा वास होता. पुढे 'इंडियन ओपिनियन'मधून नाव सुचवण्याचे आवाहन झाले. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला. गांधींनी तो बदलून 'सत्याग्रह' केला. जानेवारी १९०८ मध्ये तो शब्द जाहीर झाला. म्हणजे शपथ आधी, शब्द सव्वा वर्षाने. कृतीला आपले नाव सापडायला तेवढा वेळ लागला. आणि सापडल्यावर तो शब्द एका वर्षापुरता उरला नाही.

आता पंचांगाचे पान उलटून एवढेच पाहावे की, ११ सप्टेंबर १९०६ रोजी आपल्याकडचे शके होते १८२८. साठ-साठ वर्षांच्या दोन फेऱ्या मागे गेले की १९४८ वरून आपण तेथेच पोहोचतो. ती शपथ ज्या संवत्सरात घेतली गेली, त्याचे नाव दक्षिणेकडील गणनेने 'पराभव' होते.

यात कोणताही गूढ संकेत नाही. नावे जुळतात आणि उलटतात, हे आम्ही वर सांगितलेच आहे. आणि जोहान्सबर्गच्या त्या सभेत संवत्सराचे नाव कोणाच्या गावीही नसेल. पण साहित्याच्या वाचकाला उदाहरणांचे मोल कळते. वर्षाचे नाव काय, हे वर्षाने ठरवलेले असते, आणि ते बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपला अधिकार पुढच्या वाक्यांशावर असतो: मी हे करीन. ज्याला वर्षासाठी शब्द हवा आहे त्याने तो अवश्य घ्यावा. मात्र असा घ्यावा की तो पाळला की मोडला हे सांगता येईल, आणि शक्य तर तो कोणाला तरी द्यावा, म्हणजे मागणारा कोणीतरी असेल. नाहीतर पंचांगाने दिलेला शब्द अधिक बरा. तो निदान आपली स्तुती करत नाही.